अल्फा-गॅल ॲलर्जी: तयार जेवणाचं पाकीट कसं वाचायचं

सस्तन प्राण्यांच्या मांसाची ॲलर्जी आहे असं नुकतंच कळलेल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, "मटण बंद, बाकी सगळं चालेल ना?" घरी शिजवून खाणाऱ्याला हे उत्तर बऱ्याच अंशी पुरतं. हिंजवडीहून रात्री नऊला परतून फ्रीजरमधलं पाकीट कढईत टाकणाऱ्याला, कपातल्या नूडल्सवर उकळतं पाणी ओतणाऱ्याला किंवा डबा लावलेल्याला ते पुरत नाही. माझा धाकटा भाऊ अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातून हे निदान घेऊन पुण्यात परतला आणि आमच्याकडे प्रत्येक पाकीट उलटं करून वाचायची सवय लागली. नव्याने या वाटेला लागलेल्यांसाठी ती सवय इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी आजाराबद्दल, कारण तो समजला की पाकिटावर काय शोधायचं ते आपोआप कळतं. अल्फा-गॅल ही एक साखर आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, ससा, हरीण अशा बहुतेक सगळ्या सस्तन प्राण्यांच्या शरीरात ती असते. माणसात आणि आपल्या जवळच्या वानरांत नसते. कोंबडी, बदक, मासे, कोळंबी, अंडी यांतही नसते. काही जातींची गोचीड चावल्यावर माणसाचं शरीर या साखरेविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं आणि पुढे मटण खाल्लं की ॲलर्जी उठते. अमेरिकेत हा उद्योग मुख्यतः लोन स्टार नावाची गोचीड करते. ऑस्ट्रेलिया आणि युरोपात वेगळ्या जाती आहेत. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार तिथे साडेचार लाखांपर्यंत लोकांना हा त्रास असू शकतो. तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेली मुलं पुण्यात घरोघरी आहेत, म्हणून हा विषय आपल्यापासून लांबचा नाही.

या ॲलर्जीची सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वेळ. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला काही मिनिटांत कळतं. इथे खाल्ल्यानंतर साधारण दोन ते सहा तासांनी अंगावर गांधी उठतात, पोटात कळा येतात, उलट्या-जुलाब होतात. रात्री नऊचं जेवण मध्यरात्री किंवा पहाटे त्रास देतं आणि माणूस संशय घेतो सकाळच्या पोह्यांवर. श्वास लागणं, ओठ-जीभ-घसा सुजणं, चक्कर येऊन पडणं, गांधी आणि उलट्या एकदम सुरू होणं, यांतलं काहीही झालं तर वाट बघायची नाही. डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलेलं असेल तर सांगितल्याप्रमाणे घ्यायचं, १०८ला फोन करायचा आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत असलं पाहिजे, आजी-आजोबांनासुद्धा.

पायरी १: दुकानात जाण्याआधी डॉक्टरांकडून आपली यादी

दोन रुग्णांची यादी सारखी नसते. रक्ततपासणीत अल्फा-गॅलविरुद्धची प्रतिद्रव्यं किती आहेत ते कळतं, पण काय चालेल आणि काय नाही हे त्या आकड्यावरून घरी ठरवू नका. ॲलर्जीच्या डॉक्टरांना तीन प्रश्न स्पष्ट विचारा आणि उत्तरं लिहून घ्या: दूध आणि दुधाचे पदार्थ चालतील का? जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातडीपासून बनतं ते) पूर्ण बंद आहे का? कॅराजीनन (पदार्थ घट्ट करायला घालतात ते शेवाळाचं द्रव्य) बंद करायचं का?

दूध या रुग्णांपैकी बहुतेकांना पचतं, काहींना नाही. उगाच घाबरून दही, ताक, पनीर सगळं सोडणं आपल्याकडच्या शाकाहारी ताटाला परवडणारं नाही; प्रथिनं येणार कुठून? उलट डॉक्टरांनी दूध बंद सांगितलं असेल तर त्यात तूप, खवा, मलई, चीज, आइस्क्रीमही धरायचं. भरपूर स्निग्धांश असलेले पदार्थ जास्त त्रास देतात, मग ते मांसातले असोत की दुधातले. मस्तानीचा ग्लास आणि वाटीभर ताक एका मापाने मोजू नका.

पायरी २: खूण बघा, पण खुणेवर थांबू नका

या बाबतीत आपण भारतात आहोत हे आपलं भाग्य. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका म्हणजे त्या पदार्थात प्राण्यांपासून आलेलं काही नाही, दूध, दुधाचे पदार्थ, मध असे मोजके अपवाद वगळता. त्यामुळे हिरवी खूण दिसली की मांस, चरबी, जिलेटिन, मटणाचा अर्क हे सगळं एका फटक्यात बाद होतं. अमेरिकेतल्या दुकानात याच खात्रीसाठी पाकीट अथपासून इतिपर्यंत वाचावं लागतं. ज्यांना दूध चालतं आणि कॅराजीननचा त्रास नाही, त्यांचं काम हिरव्या खुणेने जवळजवळ संपतं.

बाकीच्यांचं संपत नाही. ही खूण शाकाहारासाठी बनली आहे, आपल्या ॲलर्जीसाठी नाही. पनीर मखनी, दाल मखनी, खीर, बासुंदी सगळ्यांवर ती असते. दूध बंद असलेल्यांनी वीगनची खूण शोधावी, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षर आणि त्यावर पान. या खुणेचे नियम २०२२ मध्ये आले. पण कॅराजीनन समुद्री शेवाळापासून बनतं, म्हणून ते वीगन पाकिटातही असू शकतं.

तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. जुन्या पाकिटांवर त्रिकोणाऐवजी तपकिरी ठिपका असायचा. हा त्रिकोण कोणता प्राणी ते सांगत नाही. अंडं असलं तरी त्रिकोण, सुरमई असली तरी त्रिकोण, म्हशीचं मांस असलं तरी तोच. म्हणून त्रिकोण बघून पाकीट फेकून देऊ नका आणि पुढच्या बाजूला कोंबडीचं चित्र बघून निर्धास्तही होऊ नका. इथून खरं वाचन सुरू होतं.

पायरी ३: घटकांची यादी पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत

पाकिटाच्या मागे ॲलर्जीची वेगळी ओळ असते: गहू, दूध, सोया, शेंगदाणे वगैरे "आहे". नवे लोक तीच ओळ वाचतात. आपल्यासाठी तिचा उपयोग फक्त दुधापुरता. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत जी ॲलर्जीकारकं ठळकपणे सांगावी लागतात, त्यांत मटण, चरबी किंवा जिलेटिन नाही. ते सापडणार फक्त घटकांच्या यादीत.

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. जास्त वजनाचा घटक आधी, चिमूटभर घातलेला शेवटी. आपल्याला नडणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा शेवटच्या दोन ओळींत असतात, जिथे अक्षर सगळ्यात बारीक. मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून वाचा. काच पुसत, पाकीट तिरकं धरत वाचण्यापेक्षा हे सोपं. तो फोटो ठेवून द्या, पुढे लागतो.

काही शब्द दिसले की पाकीट परत ठेवायचं: मटण, लँब, बीफ, पोर्क, हॅम, बेकन, लार्ड, टॅलो, सुएट, जिलेटिन, कोलाजेन, बोन ब्रॉथ. आणखी एक, महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदी असल्यामुळे "बीफ आपल्याकडे नसतंच" अशी समजूत ऐकू येते. म्हशीचं मांस, ज्याला बोलीत मोठ्याचं म्हणतात, त्या बंदीत येत नाही, आणि म्हैससुद्धा सस्तन प्राणीच.

काही शब्द दिसले की थांबून विचारायचं: नुसतं "स्टॉक", नुसतं "ॲनिमल फॅट", "मीट एक्स्ट्रॅक्ट", "नॅचरल फ्लेवर", "खिमा". कोंबडीचा खिमा आपल्याला चालतो, पण कोणाचा ते लिहिलेलं नसेल तर तो चालत नाही.

आणखी एक फट आहे. तयार जेवणात एखादा घटक स्वतःच अनेक घटकांचा असतो, जसं की सॉस, मसाला, सीझनिंग. असा मिश्र घटक पूर्ण पदार्थाच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याच्या पोटातल्या सगळ्या गोष्टी उलगडून लिहिण्याचं बंधन नाही. त्यातली रासायनिक मिश्रणद्रव्यं मात्र लिहावी लागतात. हिरव्या पाकिटात याची चिंता कमी. त्रिकोणाच्या पाकिटात "सीझनिंग" एवढंच लिहिलेलं असेल तर तो प्रश्न कंपनीकडे जायला हवा.

परदेशी पाकिटांना थोडा जास्त वेळ द्या. औंध-बाणेरकडच्या मोठ्या दुकानांत कोरियन नूडल्स, थाई करी, अमेरिकन मार्शमेलो रांगेने मांडलेले असतात. त्यांवर आयातदाराचं स्टिकर चिकटवलेलं असतं. ते वाचा आणि जमलं तर त्याच्या शेजारची मूळ यादीही वाचा. नूडल्सचं नाव मशरूमचं असतं आणि सूपच्या पुडीत बीफचा अर्क असतो, असं होऊ शकतं. मार्शमेलो आणि गमी कँडी यांचा मूळ घटकच जिलेटिन.

पायरी ४: आकडे

यादीत इमल्सिफायर, स्टॅबिलायझर (पदार्थ एकजीव ठेवणारी द्रव्यं) यांच्यापुढे कंसात आकडे असतात. सगळे पाठ करायची गरज नाही, चार-पाच पुरतात.

४०७ म्हणजे कॅराजीनन, ४०७ए त्याचाच भाऊ. हे लाल समुद्री शेवाळापासून येतं, प्राण्याचा संबंध नाही, तरीही त्याच्या रचनेत अल्फा-गॅलसारखी जोडणी असल्यामुळे काही रुग्णांना त्याचा त्रास होतो. आइस्क्रीम, चॉकलेटचं दूध, पुडिंग, मांसाचे पातळ काप यांत ते सापडतं. आपल्याकडे एक खास जागा म्हणजे शाकाहारी जेली. जिलेटिन काढल्यावर जेली घट्ट करायला बऱ्याचदा कॅराजीननच घालतात, म्हणजे हिरवी खूण बघून मुलाच्या वाढदिवसाला आणलेली जेली काहींना नडू शकते. आगर, म्हणजे आपलं चायना ग्रास, त्याचा आकडा ४०६, ते वेगळं.

४७१ आणि त्याच्या जवळपासचे आकडे म्हणजे स्निग्धाम्लांपासून बनवलेले इमल्सिफायर. पाव, केक, फ्रोझन पराठा, आइस्क्रीम, कुठेही दिसतात. ते तेलापासून बनतात तसेच चरबीपासूनही. पाकिटावर हिरवी खूण असेल तर स्रोत वनस्पतीच असायला हवा. त्रिकोण असेल तर विचारा.

६३१ चवीसाठी असतो, आणि ६३५ मध्येही तोच मिसळलेला असतो. नूडल्सच्या मसाल्यात आणि चिप्सवर हे हमखास दिसतात. ६३१ मांसापासून, माशापासून किंवा आंबवण्याच्या प्रक्रियेने, तिन्ही प्रकारे करता येतो. नुसत्या आकड्यावरून स्रोत कळत नाही, हाच मुद्दा दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला होता. डिसेंबर २०२१च्या आदेशात न्यायालयाने ६३१चंच उदाहरण घेतलं आणि घटक वनस्पतीचा आहे की प्राण्याचा हे ग्राहकाला कळलंच पाहिजे असं बजावलं. तो आदेश शाकाहाराच्या हक्कासाठी होता, पण आपल्यासारख्यांना त्याचा आधार मोठा.

१२० हा रंग आणि ९०४ ही लाख, दोन्ही किड्यांपासून येतात. शाकाहारी माणसाला त्यांची अडचण असू शकते, या ॲलर्जीत नाही. यादी उगाच लांबवू नका. जितकी लांब, तितकी पाळायला अवघड.

पायरी ५: कोंबडी आणि माशांची पाकिटं

कोंबडी चालते म्हणून नवी मंडळी फ्रोझन चिकनकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. साधं, मसाला न लावलेलं चिकन किंवा मासे घेतले तर वाचायचं फारसं उरतच नाही. जितकं घडवलेलं, तितकं वाचन वाढतं.

सॉसेज हे त्यातलं सगळ्यात अवघड. पुढे ठळक "चिकन" लिहिलेलं असतं, आतलं मांसही कोंबडीचंच असतं, पण वरचं पातळ आवरण मेंढी-डुकराच्या आतड्याचं किंवा जनावरांच्या कातडीतून काढलेल्या कोलाजेनचं असू शकतं. सेल्युलोजचं आवरण वनस्पतीचं असतं आणि ते सहसा शिजवल्यावर काढून टाकलेलं असतं. आवरणाबद्दल यादीत स्पष्ट लिहिलेलं नसेल तर विचारून उत्तर मिळेपर्यंत सॉसेज घेऊ नका. सलामी आणि मांसाच्या कापांत ४०७ बघा. कबाब, पॅटी, मोमो यांत "चिकन" या शब्दाबरोबर दुसरं मांस किंवा चरबी आहे का ते बघा. नगेट्सच्या वरच्या कुरकुरीत थरात दुधाची पावडर असू शकते.

पायरी ६: कंपनीला विचारणं

पाकिटावर ग्राहक सेवेचा फोन आणि ईमेल असतोच. "तुमचं उत्पादन ॲलर्जीला सुरक्षित आहे का?" असं विचारलंत तर "आमची सर्व उत्पादने सुरक्षित आहेत" असं छापील उत्तर येईल. प्रश्न अरुंद ठेवा. आम्ही साधारण असं लिहितो:

"नमस्कार. आमच्या घरी एकाला गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि डुक्कर यांच्या मांसापासून किंवा चरबीपासून बनलेल्या घटकांची गंभीर ॲलर्जी आहे. कोंबडी, मासे, अंडी चालतात. तुमच्या अमुक उत्पादनातला ४७१ आणि ६३१ कशापासून बनलेला आहे? 'नॅचरल फ्लेवर'मध्ये या प्राण्यांचा काही अंश आहे का? सॉसेजचं आवरण कशाचं आहे? याच यंत्रावर मटणाचे पदार्थ बनतात का? पाकिटाचा फोटो आणि बॅच क्रमांक जोडला आहे."

उत्तर लेखी मागा. फोनवर कोणी "हो हो, चालेल" म्हणालं तर त्याला उत्तर धरू नका. समोरच्याला बहुधा मटणाचे तुकडे एवढंच डोळ्यांपुढे येतं. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर ते पाकीट आपल्यासाठी नाही असं समजून दुसरं शोधा.

पायरी ७: डबा, मेस आणि हॉटेल

इथे यादी नाही, खूण नाही. माणसाला विचारायचं, आणि नीट विचारायचं. नुसतं पोळीभाजी केंद्र असेल तर प्रश्न फक्त दुधाचा आणि तुपाचा. मांसाहारी डब्यात खरी मेख रश्श्यात असते. भावाला डबा लावताना मी काकूंना विचारलं, "काकू, चिकनच्या डब्यातला रस्सा कशावर करता?" त्या मोकळेपणाने म्हणाल्या, "अगं, रविवारी रस्सा एकच असतो. मटणाचं अळणी घातल्याशिवाय चव येते का? पीस तेवढे वेगळे." त्यांनी काही लपवलं नव्हतं, "चिकनचा डबा आहे ना?" एवढंच विचारलं असतं तर उत्तर "हो" आलं असतं. आता त्या त्याच्यासाठी मटण नसलेल्या दिवशीच चिकन देतात आणि रविवारी अंडाकरी वेगळ्या पातेल्यात करतात.

कोल्हापुरी थाळीच्या हॉटेलांतही हाच प्रश्न विचारा, कारण पांढरा आणि तांबडा रस्सा मुळात मटणाच्या अळणीवर होतो, आणि चिकन थाळीबरोबर येणारी वाटी त्याच पातेल्यातली असू शकते. बिर्याणीत मसाला, तळलेला कांदा, तूप एकत्र वापरतात का ते विचारा. तंदूरच्या ठिकाणी सळया आणि लावायचा ब्रश, खिमापावच्या गाडीवर तवा. वेटरला अल्फा-गॅल समजावत बसू नका. "मला मटणाचा एक थेंबही चालत नाही, दवाखान्यात जावं लागतं. हा रस्सा कशाचा आहे, आचाऱ्याला विचारून सांगता का?" एवढं पुरे. ॲपवरून मागवताना सूचनेच्या रकान्यात लिहिलेलं स्वयंपाकघरात वाचलं जाईलच असं नाही, त्यामुळे नवीन ठिकाणी आधी फोन करा.

पायरी ८: पहिल्यांदा खाताना

सगळं तपासून झालेलं नवं पाकीट पहिल्यांदा दुपारी खा, घरात कोणीतरी असताना. रात्री खाल्लं तर त्रास झोपेत येईल. त्या दिवशी जोरदार व्यायाम नको, दारू नको आणि आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं नकोत, कारण यांनी त्रास वाढू शकतो. पाकीट पुढचे दोन दिवस फेकू नका. काय खाल्लं आणि किती वाजता, हे वहीत लिहा. काही झालं तर सहा तास मागे जाऊन बघता येतं, आणि डॉक्टरांनाही त्याच नोंदीचा उपयोग होतो. डॉक्टरांनी बंद केलेली गोष्ट "थोडी चाखून बघू" हा प्रयोग मात्र घरी अजिबात करायचा नाही.

चाललेलं पाकीट पुढच्या वेळी घेतानाही फोटोशी ताडून बघा. "नवी चव", "आता आणखी क्रिमी" असं पुढे लिहिलेलं दिसलं तर यादी बहुधा बदललेली असते.

जाता जाता दोन गोष्टी, ज्या जेवणाच्या नाहीत पण याच यादीत बसतात. औषधांच्या कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं. केमिस्टकडून गोळी किंवा वनस्पतिजन्य कवचाचा पर्याय मिळतो का ते डॉक्टरांना विचारून घ्या. शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा, कारण हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) डुकराच्या आतड्यापासून बनतं आणि हृदयात बसवायच्या काही झडपाही प्राण्यांच्या असतात. आणि पावसाळ्यात राजगड-ताम्हिणीकडे जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्या, पायमोज्यांत खोचलेली पँट आणि घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागे नीट तपासणी एवढं कराच. पुन्हा गोचीड चावली तर प्रतिद्रव्यं वाढू शकतात. काही वर्षं चावली नाही तर अनेकांची हळूहळू कमी होतात. मटण पुन्हा सुरू करायचं की नाही, हे तेव्हाही रक्ततपासणी बघून डॉक्टरच ठरवतील.